नकाशा फुकट दिसतो, मग पैसे कशाचे?

“नकाशा तर फुकटच असतो, मग हे पैसे कसले?” नकाशांच्या डेटाशी ज्याचा संबंध येतो, त्याला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. फोन उघडला, दोन बोटांनी नकाशा ताणला, घराच्या छपरापर्यंत जाऊन पोचलो आणि खिशातून एक पैही गेली नाही, हा रोजचा अनुभव आहे. मी मात्र या प्रश्नाला सहसा उलट प्रश्नच करते: तुम्हाला नकाशा बघायचा आहे, स्वतःच्या वेबसाइटवर दाखवायचा आहे, की त्यामागचा डेटा घेऊन जायचा आहे? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तिन्हींचं पैशाचं गणित वेगळं आणि परवानगीचं त्याहून वेगळं.

आधी बघणं आणि घेऊन जाणं यातला फरक जरा जवळून पाहू. एखादी पायवाट घ्या. पडद्यावर ती एक तुटक रेघ दिसते. डेटात रेघ नसतेच, असते ती बिंदूंची माळ. पहिल्या बिंदूचे अक्षांश-रेखांश, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. वाट वळते तिथे चार-पाच बिंदू दाटीने बसवलेले, सरळ जाते तिथे लांब लांब दोनच. माळेला माहितीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या: प्रकार पायवाट, पृष्ठभाग मातीचा, सायकलला परवानगी नाही, शेवटची तपासणी अमुक तारखेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. त्यामुळे दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा एकने बदलला तर बिंदू सुमारे एक मीटर सरकतो. दुसरा आकडा एकने चुकला तर एक किलोमीटरहून जास्त. आणि अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर पायवाट भलत्याच खंडात नाहीतर समुद्रात जाऊन पडते. नवख्यांकडून ही चूक सतत होते, कारण काही ठिकाणी आधी अक्षांश लिहितात आणि काही ठिकाणी, उदाहरणार्थ जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या एका प्रचलित प्रकारच्या फाइलीत, आधी रेखांश.

चित्र नुसतं बघता येतं. डेटाला प्रश्न विचारता येतात. नदीपासून दोनशे मीटरच्या आत किती घरं आहेत? या दवाखान्यापर्यंत पायऱ्या न लागता पोचता येईल का? पूर आला तर कोणता रस्ता आधी बंद होईल? चित्राकडे याची उत्तरं नसतात. म्हणूनच नकाशा दाखवायला सगळे तयार असतात, पण डेटा द्यायची वेळ आली की हात आखडता घेतात.

आता मधली पायरी, म्हणजे आपल्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये नकाशा दाखवणं. इथे तुम्ही खरं तर डेटा विकत घेत नसता, सेवा घेत असता. ऑनलाइन नकाशा म्हणजे एक मोठं चित्र नव्हे, फरशीसारख्या चौकोनी तुकड्यांची जुळणी. या तुकड्यांना टाइल म्हणतात आणि जुन्या पद्धतीत प्रत्येक टाइल २५६ बाय २५६ पिक्सेलची असते. अगदी वरच्या पातळीवर अख्खी पृथ्वी एका टाइलमध्ये मावते. एक पातळी आत गेलं की चार टाइल, मग सोळा, मग चौसष्ट. असं करत अठराव्या पातळीला, जिथे एकेक इमारत स्पष्ट दिसते, साऱ्या पृथ्वीच्या मिळून सुमारे ६,८७० कोटी टाइल होतात. त्यातल्या बहुतेक नुसत्या समुद्राच्या असतात, म्हणून कोणी त्या सगळ्या आधीच रंगवून ठेवत नाही. पण मागितल्या जातील त्या क्षणार्धात तयार करून जगात कुठेही पोचवायच्या, तर सर्व्हर लागतात, वीज लागते आणि रात्री दोनला काही बंद पडलं तर उठून दुरुस्त करणारी माणसं लागतात. अलीकडे चित्राऐवजी रेषा आणि बिंदूच पाठवून तुमच्या फोनकडूनच रंगवून घेण्याची रीत रुळली आहे. त्याने भार कमी होतो, पण खर्च काही संपत नाही.

गूगलने आपला नकाशा इतरांना वेबसाइटवर लावता येईल अशी अधिकृत सोय २००५ साली खुली केली. पुढे बराच काळ छोट्या वेबसाइटींना ती जवळजवळ फुकट होती: दिवसाला २५,००० वेळा नकाशा उघडला तरी बिल नाही. जुलै २०१८मध्ये दर बदलले. महिन्याला २०० डॉलरची सवलत (ती २०२५पर्यंत होती), त्यापुढे हलत्या-फिरत्या नकाशाला दर हजार वेळांमागे ७ डॉलर. हिशेब करून बघा. २०० डॉलरच्या सवलतीत महिन्याला साधारण २८,५०० वेळा नकाशा उघडता यायचा, म्हणजे आधी एका दिवसाला जेवढी मोकळीक होती, जवळपास तेवढीच तेव्हा महिन्याला उरली. अनेक जण तेव्हा धावपळ करून दुसऱ्या सेवांकडे वळले. त्यांची चिडचिड मला समजते. तरी माझं मत असं, की सेवेचे पैसे मागण्यात गैर काहीच नव्हतं. आपण जे वापरतोय ते दुसऱ्याचं आहे आणि त्याच्या अटी बदलू शकतात, हे अनेकांच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. अशा सेवांच्या करारात आणखी एक गोष्ट असते. ती वाचायला माणसं विसरतात: मिळालेली माहिती मर्यादेबाहेर साठवून ठेवायची नाही आणि तिच्यावरून दुसरा नकाशा तयार करायचा नाही. पैसे भरूनही डेटा तुमचा होत नाही. घरभाडं भरल्याने घर आपलं होत नाही, तसंच.

मग मूळ डेटाचे पैसे कोणी भरलेले असतात? बहुतेक वेळा नागरिकांनी, करातून. मोजणी हे महागडं काम आहे. शिखरांवर उपकरणं चढवा, विमानातून फोटो घ्या, गावोगाव माणसं पाठवून नावं विचारा. पहिली प्रत अतोनात महाग पडते, आणि तीच एकदा संगणकात आली की दुसरी, दहावी, लाखावी प्रत जवळपास फुकट निघते. या विचित्र गणितातूनच सगळा वाद निघतो. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या १७९१पासूनच्या नकाशा संस्थेने दीर्घकाळ असा मार्ग धरला, की जो वापरेल त्याने शुल्क द्यावं आणि त्यातून संस्थेचा खर्च निघावा. अमेरिकेत केंद्र सरकारने स्वतः तयार केलेल्या कामावर तिथला कायदा कॉपीराइट देत नाही. त्यामुळे १९९०च्या जनगणनेसाठी तयार केलेला रस्त्यांचा अख्खा डेटा कोणीही घ्यावा असा खुला राहिला. दोन्ही बाजूंना तर्क आहे. शुल्क असेल तर नकाशा ताजा ठेवायला हक्काचा पैसा मिळतो. खुला असेल तर जास्त लोक वापरतात. पण प्रत्यक्षात काय घडलं हे पाहिल्यावर मला तरी दुसरी बाजू जड वाटते, आणि त्याला कारण लँडसॅट.

लँडसॅट हे पृथ्वीचे फोटो घेणारे अमेरिकन उपग्रह. पहिला १९७२ साली गेला. ऐंशीच्या दशकात त्यांचा कारभार खाजगी कंपनीच्या हाती दिला आणि एका दृश्याची, म्हणजे जमिनीच्या एका मोठ्या तुकड्याच्या एका छायाचित्राची, किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. १९९९मध्ये लँडसॅट ७ आल्यावर ती ६०० डॉलरवर आली. तरीही २००१ या सर्वांत चांगल्या वर्षात विकली गेली ती सुमारे २५,००० दृश्यं. २००८मध्ये साठा सगळ्यांसाठी मोफत करायचं ठरलं आणि २००९ या एका वर्षात दहा लाखांहून जास्त दृश्यं डाउनलोड झाली. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कामाची जातच बदलली ते बघा. सहाशे डॉलरला एक दृश्य मिळत असताना संशोधक एकच निवडायचा, ढग नसलेलं, नीट पारखून. मोफत झाल्यावर तो एकाच जागेची वर्षानुवर्षांची सगळी दृश्यं एकावर एक रचायला लागला. मेरीलँड विद्यापीठातल्या मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये जगभरातल्या जंगलांची वाढ-घट दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यासाठी साडेसहा लाखांहून जास्त लँडसॅट दृश्यं वापरली होती. जुन्या दराने त्यांचे सुमारे ३९ कोटी डॉलर झाले असते. म्हणजे दर तोच राहता तर तो नकाशा झालाच नसता.

पुढे युरोपनेही हाच मार्ग धरला. २०१५पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर बारकाव्याची छायाचित्रं कोणालाही मोफत मिळतात. १० मीटर म्हणजे एका पिक्सेलमध्ये एक मोठं घर. शेत, जंगल, तलाव यांना हे पुरतं. अंगणातलं झाड बघायचं तर पुरत नाही. ३० सेंटिमीटरच्या आसपासचा बारकावा देणारे उपग्रह खाजगी कंपन्या चालवतात आणि ती छायाचित्रं क्षेत्रफळाच्या हिशेबाने विकली जातात. ती घेताना पैशापेक्षा करारात जास्त लक्ष घाला. किती जणांनी वापरायची, शेजारच्या संस्थेला देता येतात का, त्यावरून काढलेल्या रेषा आपल्या मालकीच्या होतात का, हे प्रत्येक करारात निराळं असतं.

उपग्रहांपेक्षाही मला जास्त महत्त्वाची वाटते ती पत्त्यांची यादी. दिसायला साधी गोष्ट: घर क्रमांक, रस्ता आणि त्या दाराचे अक्षांश-रेखांश. पण पार्सल पोचवणारा, रुग्णवाहिका, विमा कंपनी, मतदारयादी, सगळे तिच्यावरच उभे असतात. डेन्मार्कने २००२मध्ये आपली अधिकृत पत्त्यांची यादी सर्वांना मोफत द्यायचं ठरवलं. २०१०मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत २००५ ते २००९ या काळातला थेट फायदा सुमारे ६.२ कोटी युरो निघाला आणि खर्च सुमारे २० लाख युरो. ब्रिटनमध्ये उलट झालं. तिथली टपाल पत्त्यांची यादी २०१३ साली रॉयल मेलच्या खाजगीकरणासोबत खाजगी हातांत गेली, आणि पुढच्याच वर्षी संसदेच्या समितीने ती चूक असल्याचं म्हटलं. रस्त्यांची नावं, घरांचे क्रमांक, गावांच्या सीमा, जमिनीची उंची हा पाया आहे, आणि एकदा करातून मोजलेला पाया पुन्हा विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर सेवा बांधून विकणाऱ्यांनी खुशाल विकावी.

आता मालकीकडे येऊ, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. डोंगर कुठे आहे ही वस्तुस्थिती आहे. ती कोणाच्या मालकीची कशी असेल? १९३०च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या एका नकाशावर अ‍ॅग्लो नावाचं गाव छापलं गेलं. ते प्रत्यक्षात नव्हतंच. नकाशा काढणाऱ्या दोघांनी आपल्या नावांच्या आद्याक्षरांची उलटापालट करून ते नाव बनवलं आणि दोन कच्चे रस्ते मिळतात तिथे टाकून दिलं, कोणी नकाशा चोरला तर सापडावा म्हणून. काही वर्षांनी रँड मॅकनॅली या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नकाशावर अ‍ॅग्लो दिसलं. चोर सापडला असं वाटलं, पण तोवर नकाशात नाव वाचून कोणीतरी त्या जागी अ‍ॅग्लो नावाचं दुकानच थाटलेलं होतं. खोटं नाव खरं होऊन बसलं होतं.

अशा सापळ्यांचा कायद्यात उपयोग होतो का, हे देशावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात सांगितलं, की नुसत्या माहितीवर कॉपीराइट नसतो, मग ती गोळा करायला कितीही कष्ट पडलेले असोत. मांडणीत काही सर्जनशीलता असेल तर तेवढ्यापुरता हक्क. युरोपने १९९६मध्ये वेगळी वाट धरली: डेटाबेस उभा करायला मोठी गुंतवणूक केली असेल तर त्यावर १५ वर्षांचा स्वतंत्र हक्क. ब्रिटनमध्ये तर २००१मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनचालकांच्या संघटनेने ऑर्डनन्स सर्व्हेला दोन कोटी पौंड देऊन वाद मिटवला. नकाशातल्या रेघांच्या जाडीसारख्या बारीक खुणांवरून उचलेगिरी ओळखली गेली होती. तेव्हा “मी फक्त बघून पुन्हा रेघ ओढली” हे कारण पुरत नाही. बघून काढलेली रेघही कशावरून काढली याला महत्त्व आहे.

याच अडचणीतून २००४मध्ये स्टीव्ह कोस्ट या इंग्लंडमधल्या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. शुल्क आणि अटींच्या नकाशांना कंटाळून त्याने ठरवलं, की जीपीएस घेऊन लोकांनीच रस्ते मोजावेत आणि सगळ्यांचा मिळून एक नकाशा व्हावा. २०००च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली होती, म्हणून साध्या उपकरणानेही रस्ता ओळखण्याइतकी अचूकता मिळू लागली होती. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा तपशीलवार नकाशा ऑनलाइन जवळपास नव्हता. उपग्रह कंपन्यांनी छायाचित्रं खुली केली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून थोड्याच दिवसांत रस्ते, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या वस्त्या आखल्या. बचाव पथकं तोच नकाशा घेऊन फिरली.

पण ओपनस्ट्रीटमॅप “कसाही वापरा” असा नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. २०१२पासून त्याचा परवाना ओडीबीएल, म्हणजे ओपन डेटाबेस लायसन्स, आहे. पहिली अट श्रेयाची: नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा आहे हे दिसेल असं लिहा. दुसरी अट जास्त खोल जाते. त्यांच्या डेटावरून नुसतं चित्र, पुस्तक किंवा भित्तिपत्रक केलं, तर श्रेय देऊन तुमच्या मर्जीने विका. पण त्यांच्या डेटाबेसमध्येच भर घालून, दुरुस्त्या करून नवा डेटाबेस केला आणि तो लोकांसमोर वापरला, तर ती भरही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. जुना परवाना सोडून हा घेताना जुन्या योगदानकर्त्यांना एकेकाला विचारलं गेलं, आणि ज्यांची संमती मिळाली नाही त्यांचं काम नकाशातून काढावं लागलं. लोकांनी पुन्हा पायी फिरून ते रस्ते भरले. परवान्याचा शब्द किती जड असतो, हे मला यातून सर्वांत नीट कळलं.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. डेटा खुला आहे याचा अर्थ त्यांचे सर्व्हरही फुकटात राबायला खुले आहेत असा नाही. पूर्ण पृथ्वीची फाइल दर आठवड्याला प्रसिद्ध होते, ती कोणीही उतरवून घ्यावी. पण त्यांच्या टाइल देणगीवर चालणाऱ्या सर्व्हरवरून येतात. मोठ्या अ‍ॅपने तिथूनच लाखो टाइल ओढल्या तर त्याला थांबवलं जातं, आणि ते योग्यच आहे. डेटा घ्या, टाइल स्वतः बनवा किंवा बनवून देणाऱ्याला पैसे द्या. मोठ्या कंपन्याही आता या बाजूला आल्या आहेत: डिसेंबर २०२२मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून ओव्हर्चर मॅप्स ही खुल्या डेटाची संस्था सुरू केली. कारण उघड आहे. रस्ते रोज बदलतात, पूल पडतात, दुकानं बंद होतात, आणि हे सगळं एकट्याने ताजं ठेवणं कोणालाच परवडत नाही.

खुलेपणालाही एक सीमा मी मानते, ती माणसाच्या वावराची. नोव्हेंबर २०१७मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने धावणाऱ्यांच्या वाटांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. नाव कोणाचंच नव्हतं, तरी दोन महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं, की ओसाड प्रदेशात उजळलेल्या रेघांवरून लष्करी तळांचे आराखडे दिसताहेत. रस्ता सगळ्यांचा, पण रोज पहाटे त्यावरून कोण कुठून कुठे जातं हे सगळ्यांचं नव्हे. तुम्ही चालत नोंदवलेला मार्ग इतरांना देणार असाल, तर घराजवळचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापून मगच द्या.

आणि स्वतः गोळा केलेला डेटा, मग ती विहिरींची यादी असो वा झाडांची मोजणी, ऑनलाइन ठेवणार असाल तर फाइलीसोबत चार ओळींचा मजकूर जरूर ठेवा. अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीचे, बहुधा डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतं ती पद्धत. मोजणी कधी केली आणि कशाने केली. परवाना कोणता. चूक आढळली तर कळवायचं कुठे. यातली परवान्याची ओळ राहून गेली तर फाइल उघडी दिसते, पण नियम पाळणारा माणूस ती वापरू शकत नाही, कारण काही लिहिलेलं नसेल तर बहुतेक देशांत हक्क राखीव आहेत असंच धरलं जातं. चांगल्या मनाने टाकलेल्या कितीतरी फाइली या एका ओळीवाचून तशाच पडून आहेत.